घर कशाने जळते? वणव्याने की ठिणगीने?

वणव्यात जळून गेलेल्या एखाद्या वस्तीचे छायाचित्र आपल्यापैकी बहुतेकांनी वर्तमानपत्रात कधी ना कधी पाहिलेले असते. असे छायाचित्र पुन्हा हाती आले तर ते जरा निरखून पाहा. घराच्या जागी राखेचा ढीग असतो. विटांचे धुराडे तेवढे उभे असते. दारातली मोटार वितळून बसलेली असते. आणि कित्येकदा त्या राखेपासून दहा-पंधरा पावलांवर एक झाड उभे असते. त्याची पाने हिरवी असतात.

हे चमत्कारिक नाही का? आग जंगलातून आली असे आपण म्हणतो. ज्वाळांची प्रचंड भिंत झाडे गिळत पुढे सरकली आणि तिने घरे खाऊन टाकली, असे चित्र आपल्या डोळ्यांसमोर असते. तसे असते तर ज्वाळेला घरापर्यंत पोचण्यासाठी आधी ते झाड ओलांडावे लागले असते. मग झाड हिरवे कसे राहिले? आणि त्याच्या पलीकडचे घर कसे जळाले?

या साध्या प्रश्नाचे उत्तर मिळायला माणसाला जवळजवळ पाऊण शतक लागले. उत्तराचा काही भाग तर फार आधीच कोणीतरी शोधून, छापून ठेवलेला होता. तरीही वस्त्या जळत राहिल्या. ही सारी हकीगत प्रामुख्याने अमेरिकेतील कॅलिफोर्निया आणि ऑस्ट्रेलियाचा आग्नेय भाग या दोन प्रदेशांत घडली. दोन्हीकडे पावसाळा संपला की गवत आणि झुडपे वाळून कोळ होतात, वर्षातले काही दिवस कोरडा, सोसाट्याचा वारा सुटतो, आणि दोन्हीकडे शहरे डोंगरउतारांवर, जंगलाच्या अगदी कडेला पसरत गेली. ती हकीगत या लेखात आम्ही सांगणार आहोत.

बर्कली, १९२३

सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या पूर्वेला बर्कली हे विद्यापीठाचे गाव आहे. त्याच्या पाठीशी टेकड्यांची रांग आहे. १७ सप्टेंबर १९२३ रोजी टेकड्यांच्या पलीकडच्या दरीत गवताला आग लागली. ईशान्येकडून उष्ण, कोरडा वारा वाहत होता. एरवी तेथे समुद्रावरून गार वारा येतो. त्या दिवशी दिशा उलटी होती. आग टेकडीचा माथा ओलांडून गावाच्या उत्तर भागात उतरली आणि काही तासांत सुमारे ५८० घरे जळून गेली. संध्याकाळच्या सुमारास वारा पडला, समुद्राकडून गार हवा आली, आणि तेव्हा कोठे आग आटोक्यात आली. अग्निशामक दलाने ती विझवली असे म्हणणे धाडसाचे ठरेल. ती वाऱ्याने थांबवली.

या घरांची छपरे कशाची होती? त्या काळी तेथे लाकडी कौलांची पद्धत होती. देवदारासारख्या लाकडाच्या पातळ चिरफळ्या एकावर एक अर्धवट झाकतील अशा बसवायच्या. दिसायला सुंदर, वजनाला हलके आणि स्वस्त. पण उन्हाने ही कौले वाळतात, त्यांच्या कडा वर उचलल्या जातात आणि त्यांच्यात फटी पडतात. वाऱ्याबरोबर उडत आलेली ठिणगी अशा फटीत अडकली की तिला आयते सरपण मिळते. त्याहून वाईट म्हणजे पेटलेले कौल स्वतःच सुटून उडते आणि दोन गल्ल्या ओलांडून दुसऱ्या छपरावर जाऊन पडते. म्हणजे वणव्याने पहिली काही छपरे पेटवली की पुढचे काम छपरेच करतात.

हे त्या वेळीही लोकांच्या लक्षात आले. छपरे आग सहन करणारी असावीत असा नियम गावाने केला. पण तो अंमलात येण्यापूर्वीच मागे घेण्यात आला. या प्रसंगाची नोंद आपण मनात ठेवू, कारण अशीच गोष्ट पुढे वेगवेगळ्या रूपांत पुन्हा भेटणार आहे.

एक जुना, दुर्लक्षित अहवाल

१४ जानेवारी १९४४ रोजी ऑस्ट्रेलियात मेलबर्न शहराच्या ब्यूमॅरिस या समुद्रकाठच्या उपनगरात आग शिरली आणि पन्नासाहून अधिक घरे जळाली. हे युद्धाचे दिवस होते. तेथील सरकारी विज्ञान संशोधन परिषदेतील जी. जे. बॅरो यांनी एक अगदी साधी गोष्ट केली. ते जळालेली आणि वाचलेली घरे पाहत हिंडले. कोणते घर कोठून पेटले, कधी पेटले, कोण हजर होते, याची त्यांनी नोंद केली. त्यांचा लेख १९४५ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्यात दिसलेली गोष्ट महत्त्वाची होती. घरे प्रामुख्याने ठिणग्यांनी पेटली होती. छपराखालच्या फटी, जमिनीपासून उचलून बांधलेल्या घरांच्या तळाची मोकळी जागा, भिंतीला टेकून ठेवलेले सामान अशा ठिकाणी ठिणगी शिरत होती. सुरुवातीची आग इतकी लहान असे की कोणी जागेवर असता तर बादलीभर पाण्याने ती विझली असती.

म्हणजे आपल्या कोड्याचे निम्मे उत्तर १९४५ सालीच छापून झाले होते. पण एका शास्त्रीय नियतकालिकातला लेख आणि घर बांधणारा गवंडी यांच्यात अंतर फार असते. पुढची चाळीस वर्षे त्याचा फारसा उपयोग झाला नाही.

वाचलेल्या घरांची मोजणी

६ नोव्हेंबर १९६१ रोजी लॉस एंजलिसच्या बेल एअर या धनिकांच्या वस्तीत आग लागली आणि ४८४ घरे जळाली. पुन्हा तोच कोरडा वारा, तीच लाकडी कौले. शहराच्या अग्निशामक दलाने या घटनेवर एक माहितीपट तयार केला. ‘डिझाइन फॉर डिझास्टर’ म्हणजे ‘आपत्तीचा आराखडा’ हे त्याचे नाव पुरेसे बोलके आहे. आपत्ती आकाशातून पडली नव्हती. ती वस्तीच्या रचनेतच बसलेली होती, असे त्यांना सांगायचे होते.

यानंतर संशोधकांच्या प्रश्नात एक चांगला बदल झाला. ‘किती घरे जळाली?’ या प्रश्नाच्या जोडीला ‘वाचलेली का वाचली?’ हाही प्रश्न विचारला जाऊ लागला. शाळेत आपण एखाद्या परीक्षेचा निकाल तपासतो तेव्हा फक्त नापास मुलांचे पेपर पाहून चालत नाही, उत्तीर्ण झालेल्यांचेही पाहावे लागतात. तसेच हे आहे. बेल एअरच्या आगीची माहिती वापरून १९७३ मध्ये हॉवर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखवले, की ज्या घरांचे छप्पर न जळणारे होते आणि ज्यांच्याभोवती १० ते १८ मीटर जागा झाडझाडोऱ्यापासून मोकळी होती, त्यांपैकी ९५ टक्के घरे वाचली. पुढे १९९० मध्ये सँटा बार्बरा येथे चारशेहून अधिक घरे जळाली. त्या आगीचा अभ्यास बर्कलीच्या विद्यापीठातील ईथन फूट यांनी केला. न जळणारे छप्पर आणि निदान १० मीटर मोकळी जागा असलेली ८६ टक्के घरे तेथे वाचली होती.

दरम्यान ऑस्ट्रेलियात १६ फेब्रुवारी १९८३ चा दिवस उजाडला. ख्रिस्ती पंचांगाप्रमाणे तो ‘राखेचा बुधवार’ होता, आणि त्या दिवसाच्या आगी त्याच नावाने ओळखल्या जातात. व्हिक्टोरिया आणि दक्षिण ऑस्ट्रेलिया या दोन राज्यांत मिळून ७५ माणसे मेली, दोन हजारांहून अधिक घरे गेली. मेलबर्न विद्यापीठातील विल्सन आणि फर्ग्युसन यांनी माउंट मॅसिडोन भागातील सुमारे ४५० घरांची पाहणी केली. छप्पर कशाचे, भिंत कशाची, लागून झुडपे किंवा सरपण होते का, उतार किती, आग किती तीव्र होती, घरात माणूस होता का, या साऱ्या गोष्टी मांडून घर वाचण्याची शक्यता किती हे सांगणारे गणित त्यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केले. बॅरो यांनी चाळीस वर्षांपूर्वी डोळ्यांनी पाहिलेले आता आकड्यांनी सिद्ध झाले. १९९१ मध्ये ऑस्ट्रेलियाने वणव्याच्या प्रदेशातील बांधकामासाठी आपले मानक प्रसिद्ध केले.

त्याच वर्षी, २० ऑक्टोबर १९९१ रोजी, बर्कलीला लागून असलेल्या ओकलंडच्या टेकड्या पेटल्या. आदल्या दिवशी विझवलेली म्हणून सोडलेली गवताची आग वाऱ्याने पुन्हा उठली. पहिल्या एका तासात ७९० इमारती पेटल्या. एकूण २५ माणसे मेली आणि सुमारे तीन हजार घरे नष्ट झाली. तासाला ७९० म्हणजे साडेचार सेकंदांना एक इमारत! जगातले कोणते अग्निशामक दल या वेगाशी बरोबरी करील? घर वाचवायचे काम आग लागल्यावर सुरू करायचे नसते, ते महिनोन्‌महिने आधी करायचे असते, हे या आकड्याइतके स्पष्टपणे दुसरे काही सांगत नाही.

किती उष्णता, किती वेळ?

पाहणीतून ‘काय’ ते कळते. ‘का’ ते कळायला भौतिकशास्त्र लागते. अमेरिकेच्या वनसेवेच्या मिसूला येथील अग्निविज्ञान प्रयोगशाळेत जॅक कोहेन हे संशोधक नव्वदच्या दशकात याच ‘का’च्या मागे लागले. त्यांचा प्रश्न असा होता: जळणारे जंगल घरापासून किती अंतरावर असले तर त्याच्या नुसत्या धगीने लाकडी भिंत पेटेल?

हा प्रश्न वर्गात शेकोटीच्या उदाहरणाने समजावता येतो. शेकोटीसमोर बसले की तोंड भाजते, पाठ गार राहते. म्हणजे उष्णता सरळ रेषेत येते आहे. हे प्रारण. दोन पावले मागे सरकले की धग एकदम कमी होते. आता शिक्षक म्हणून एक बारकावा लक्षात ठेवू. ‘अंतर दुप्पट तर तीव्रता एक चतुर्थांश’ हा नियम आपण शिकवतो, पण तो बिंदूएवढ्या उगमाला लागू पडतो. वणव्याची ज्वाळा भिंतीसारखी लांबरुंद असते. तिच्याजवळ उभे असताना अंतर वाढवले तर धग त्या नियमाइतक्या झपाट्याने घटत नाही. तरीही घटते ती पुष्कळच.

दुसरी गोष्ट वेळेची. भर दुपारच्या उन्हात प्रत्येक चौरस मीटरवर साधारण एक किलोवॅट शक्ती पडते. याच्या सोळापट धग उघड्या कातडीवर पाच सेकंद लागली तरी फोड येतो. लाकूड मात्र इतके नाजूक नसते. चौरस मीटरला वीस किलोवॅट एवढी धग असली तरी लाकडी भिंत पेटायला पाच मिनिटांहून अधिक वेळ लागतो. चाळीस किलोवॅटला मात्र मिनिटाच्या आत पेट घेतला जातो. आणि जंगलाची आग? झाडांच्या शेंड्यांवरून धावणारी ज्वाळा एका जागी साधारण मिनिटभरच धडाडते. तेवढ्यात तेथली बारीक पाने-काटक्या संपतात आणि ज्वाळा पुढे निघून जाते.

आता दोन्ही गोष्टी एकत्र करा. भिंत पेटण्यासाठी मोठी धग पुरेसा वेळ लागायला हवी. जंगल जवळ असेल तरच धग मोठी, आणि जवळ असले तरी वेळ थोडा. कोहेन यांनी ज्वाळा मुद्दाम मोठी आणि सतत पेटती धरून हिशेब केला, तरी धोक्याचे अंतर सुमारे ४० मीटरच्या पलीकडे जाईना.

पण कागदावरचा हिशेब कोण मानणार? सुदैवाने १९९७ ते २००० या काळात कॅनडाच्या उत्तरेकडील फोर्ट प्रॉव्हिडन्स गावाजवळ आंतरराष्ट्रीय पथकाने जॅक पाइन जंगलाचे आखून घेतलेले तुकडे मुद्दाम पेटवून अभ्यास केला. कोहेन यांनी तेथे जंगलाच्या कडेपासून १०, २० आणि ३० मीटरवर लाकडी भिंती उभ्या केल्या, अगदी खऱ्या घराला असतात तशा. मग जंगल पेटवले. दहा मीटरवरच्या काही भिंती पेटल्या, काही नाही. वीस मीटरवरची एकही भिंत पेटली नाही. तीसवरचीही नाही. हिशेब सावध होता. प्रत्यक्षात धोक्याचे अंतर त्याहूनही कमी निघाले.

मग आपल्या कोड्याचे काय? जंगलाच्या ज्वाळेने घर पेटवायचे तर जंगल अगदी अंगणात हवे. आणि प्रत्यक्षात तर जंगलापासून शेकडो मीटर आत असलेली घरे जळत होती. उत्तर एकच उरते. ही घरे मोठ्या ज्वाळेने जळत नाहीत, लहान आगीने जळतात. ठिणग्या एक-दीड किलोमीटर सहज उडतात, आणि निलगिरीच्या सालीच्या पेटत्या पट्ट्या ऑस्ट्रेलियात वीस-तीस किलोमीटरवर पडल्याच्या नोंदी आहेत. ठिणगीत उष्णता फार थोडी असते. ती जाड ओंडका पेटवू शकत नाही. पण वाळलेल्या पानासारखी पातळ वस्तू तापायला उष्णता थोडीच लागते. पाचोळ्यातली ठिणगी वाऱ्याने फुलते, पाचोळा झुडूप पेटवतो, झुडूप खिडकीची चौकट पेटवते. जिवंत झाडाच्या हिरव्या पानात पाणी असते. ठिणगीला ते सुकवणे जमत नाही. म्हणून झाड हिरवे आणि घर राख.

मे २००० मध्ये न्यू मेक्सिकोतील लॉस अलामॉस गावात दोनशेहून अधिक घरे जळाली, तेव्हा कोहेन यांनी हेच पाहिले. जळालेल्या घरांभोवती हिरवी पाइनची झाडे उभी होती. आग झाडांच्या खालच्या वाळक्या सुयांमधून रांगत घरांच्या पायापर्यंत गेली होती. २००७ मध्ये कॅलिफोर्नियातील ग्रास व्हॅलीच्या आगीत १९९ घरे जळाली किंवा होरपळली. कोहेन आणि त्यांचे सहकारी स्ट्रॅटन यांनी तपासले तेव्हा जंगलाच्या मोठ्या ज्वाळेने थेट पेटलेली घरे त्यांत फक्त सहा निघाली. उरलेली १९३ घरे ठिणग्या, जमिनीवरची लहान आग किंवा शेजारचे जळते घर यांमुळे पेटली होती.

तीन वर्तुळे

यातून निघणारा उपाय सोपा आहे. जंगल मैलोन्‌मैल तोडायची गरज नाही. पाहायचे ते घर आणि त्याच्याभोवतीची थोडीशी जागा. कॅलिफोर्नियात पूर्वी कायद्याने घराभोवती ९ मीटर सफाई सक्तीची होती. २००५ पासून ती ३० मीटर झाली. २००८ पासून वणव्याच्या पट्ट्यातील नव्या घरांसाठी बांधकामाचे वेगळे नियम आले. २०२० मध्ये केलेल्या कायद्याने भिंतीला लागून असलेल्या दीड मीटरच्या पट्ट्याचा वेगळा विचार सुरू झाला.

पहिले वर्तुळ या दीड मीटरचे. त्यात जळेल असे काहीच नको. सरपण नको, लाकडी कुंपणाचे टोक नको, खिडकीखाली झुडूप नको, दाराशी काथ्याचे पायपुसणेही आगीच्या दिवसांत उचललेले बरे. तेथे फरशी, खडी किंवा उघडी माती असावी. दुसरे वर्तुळ साधारण १० मीटरपर्यंत. येथे झाडे चालतात, पण सुटी सुटी. त्यांच्या खालच्या फांद्या छाटलेल्या, खालचे गवत कापलेले, म्हणजे जमिनीवरच्या आगीला शेंड्यापर्यंत शिडी मिळणार नाही. तिसरे वर्तुळ ३० मीटरपर्यंत. येथे दाटी विरळ करायची, एवढेच.

आणि या वर्तुळांच्या मध्यभागी स्वतः घर. छप्पर न जळणारे. पन्हळीत साठलेली पाने काढलेली. वळचणीखालचे आणि माळ्याचे झरोके बारीक जाळीने बंद केलेले. अमेरिकेत विमा व्यवसायाने चालवलेल्या एका प्रयोगशाळेत १०५ प्रचंड पंख्यांसमोर संपूर्ण घर उभे करून त्यावर ठिणग्यांचा मारा करतात. असे प्रयोग पाहिले की पन्हळीतला मूठभर पाचोळा आणि साधा झरोका घराचा घात कसा करतात ते डोळ्यांनी दिसते. नव्या नियमांत झरोक्याच्या जाळीचे भोक साधारण दीड ते तीन मिलिमीटरचे ठरवलेले आहे. एवढ्या लहान मापावर अख्खे घर अवलंबून असते.

शेजाऱ्याचे घर

येथपर्यंत वाचून असे वाटेल, की प्रत्येकाने आपापले अंगण झाडले की झाले. तसे नाही. जंगलाची ज्वाळा एका जागी मिनिटभर टिकते, हे आपण पाहिले. पण पेटलेले घर किती वेळ जळते? कित्येक तास. म्हणजे शेजारच्या भिंतीला मोठी धगही मिळते आणि भरपूर वेळही. घरे दाटीने असतील तर सर्वांत धोकादायक सरपण म्हणजे शेजाऱ्याचे घर.

८ नोव्हेंबर २०१८ रोजी कॅलिफोर्नियातील पॅरडाइज या गावात याचा भयंकर प्रत्यय आला. त्या आगीत ८५ माणसे मेली, १८ हजारांहून अधिक इमारती नष्ट झाल्या. नंतर झालेल्या एका अभ्यासात दिसले, की १९९७ पूर्वी बांधलेल्या घरांपैकी ११.५ टक्के वाचली आणि त्यानंतरच्यांपैकी ३८.५ टक्के. नवी बांधणी उपयोगी ठरली हे खरे. पण दहातली सहा नवी घरेही गेलीच. घर वाचणार की नाही हे ठरवण्यात सर्वांत जवळचे जळालेले घर किती अंतरावर आहे या गोष्टीचा वाटा फार मोठा होता. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजलिसच्या पॅलिसेड्स आणि ईटन या आगींत सोळा हजारांहून अधिक इमारती गेल्या, त्यांतल्या कितीतरी जंगलापासून दूर, शहरी गल्ल्यांत होत्या. तेथेही एका घराने दुसरे पेटवले.

तीस मीटरचे वर्तुळ काढले तर दाट वस्तीत ते माझ्या कुंपणाच्या आत मावत नाही. ते दोन-चार शेजाऱ्यांच्या अंगणांतून जाते. म्हणून हे काम वस्तीने मिळून करायचे आहे. अमेरिकेत २००२ पासून ‘फायरवाइज’ नावाचा उपक्रम याच विचारावर चालतो. एकट्यादुकट्या घराची तयारी तेथे पुरेशी मानत नाहीत, सबंध वस्तीने एकत्र येऊन आपल्या धोक्याची पाहणी करायची आणि दरवर्षी ठरलेले काम करायचे. अडचण विज्ञानाची नाही. आवडते झाड तोडायचे कोणी, छपराचा खर्च करायचा कोणी, शेजाऱ्याला ‘तुमचे सरपण भिंतीपासून हलवा’ असे सांगायचे कोणी, ही खरी अडचण आहे. १९२३ च्या बर्कलीत छपरांचा नियम मागे घेतला गेला तेव्हाही प्रश्न याच जातीचा होता.

एक इशारा

चांगल्या ज्ञानाचाही अर्धवट अर्थ घातक होऊ शकतो. घर लहान आगीने पेटते, आणि घरात माणूस असला तर ती विझवता येते, या निष्कर्षावरून ऑस्ट्रेलियात एक धोरण रूढ झाले: तयारी करून थांबा आणि घर राखा, नाहीतर लवकर निघून जा. बऱ्याच आगींत ते उपयोगी पडले. पण ७ फेब्रुवारी २००९ च्या ‘काळ्या शनिवारी’ वारा आणि उष्णता इतकी विलक्षण होती, की १७३ माणसे मेली, आणि त्यांतली ११३ घरांच्या आत मेली. चौकशी आयोगाने त्यानंतर हे धोरण तपासून काढले. अतितीव्र दिवसांसाठी धोक्याची नवी पायरी ठरवण्यात आली: त्या दिवशी कितीही तयारी असली तरी आधीच निघून जाणे हाच सुरक्षित मार्ग. घराभोवतीची सफाई माणूस नसताना घर वाचावे म्हणून करायची असते. ती माणसाला थांबायला लावण्यासाठी नसते.

आपल्या अंगणात

आपल्याकडे वणवे लागतात ते बहुधा गवताचे आणि पाचोळ्याचे, जमिनीवरून सरकणारे, आणि बहुतेक माणसाने लावलेले. कॅलिफोर्नियासारख्या वस्त्या जळण्याचे प्रसंग आपल्यावर आलेले नाहीत. पण कोकणात आंबा-काजूच्या बागा वणव्यात जातात, डोंगराकडेचे गोठे आणि गवताच्या गंजी जातात. वनखाते उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा काढते, बागायतदार बागेच्या कडेने गवत कापून पट्टा मोकळा करतात. कोहेन यांचे वर्तुळ आपल्या शेतकऱ्याला अगदीच अनोळखी नाही. मात्र आता सह्याद्रीच्या उतारांवर, गवताळ रानाला खेटून बंगल्यांच्या वसाहती उभ्या राहत आहेत, आणि तेथे राहायला येणाऱ्यांना हे शहाणपण ठाऊक असेलच असे नाही.

शाळेत यासाठी एक सोपा उपक्रम करता येईल. त्याला आग लावण्याची मुळीच गरज नाही, आणि लावूही नये. मुलांना शाळेच्या इमारतीचा नकाशा काढायला सांगावा. त्यावर भिंतीपासून दीड, दहा आणि तीस मीटरवर रेषा काढाव्यात आणि प्रत्येक पट्ट्यात जळेल असे काय काय आहे त्याची यादी करावी. मग वारा सुटलेल्या दिवसानंतर इमारतीभोवती फिरून पाचोळा कोठे कोठे साठला आहे ते पाहावे. पायरीचा कोपरा, छपराची पन्हळ, भिंत आणि कुंपण मिळतात ती जागा. वारा ज्या जागी पाने आणून टाकतो, त्याच जागी तो ठिणग्याही आणून टाकतो. नकाशावर तेथे फुल्या माराव्यात.

जॅक कोहेन यांच्या हिशेबांना आणि १०५ पंख्यांना जे सापडले, त्याचा मोठा भाग या फुल्यांच्या नकाशात उतरलेला असेल. मग एक दिवस मुलांनी झाडू आणि टोपल्या घेऊन त्या जागा साफ कराव्यात. १९४४ साली ब्यूमॅरिसमध्ये बॅरो जे पाहत हिंडले होते तेच मुलांनी पाहिलेले असेल, फरक इतकाच की आग लागण्याच्या आधी.